वाळवंटात फुलं आली तेव्हा

वळवाचा पाऊस आला तेव्हा आम्ही दुष्काळाचं शूटिंग करत होतो.

२०१८ची गोष्ट. मे महिन्याचा शेवट, माण तालुक्यातल्या एका गावाबाहेरचं माळरान. आमच्या सिनेमात सलग तीन वर्षं पाऊस पडलेला नव्हता. सिनेमाबाहेर मात्र दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आलं. बैलजोडी घेऊन आलेले आबा सकाळपासून बाभळीखाली बसून होते. त्यांनी वर बघितलं आणि मला म्हणाले, "पावणं, सामान झाका. ह्यो काय हूल द्यायला आल्याला न्हाई."

कॅमेऱ्यावर प्लॅस्टिक टाकेपर्यंत टपोरे थेंब सुरू झाले. दीड तास कोसळला. पुढच्या चार दिवसांत आणखी दोनदा आला. आठव्या दिवशी सकाळी आम्ही लोकेशनला पोहोचलो, तर भेगाळलेल्या जमिनीवर हरळीची हिरवी लव. गावातली माणसं खूश होती. आमच्याच पायगुणानं पाऊस आला म्हणून एका घरातून युनिटला गूळ-शेंगदाणे आले. दिग्दर्शक मात्र डोक्याला हात लावून बसला होता. निर्मात्याचा फोन आला, "हे हिरवं एडिटला काढून टाकता येईल ना?"

त्या रात्री झेडपीच्या शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून आम्ही झोपायच्या तयारीत होतो, तेव्हा मी सगळ्यांना एक गोष्ट सांगितली. मी तिसरा असिस्टंट होतो, म्हणजे खरं तर कॉलशीट वाटणारा आणि चहा आला का बघणारा. पण ही गोष्ट मला तोंडपाठ होती. मी म्हटलं, "अरे, 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'च्या वेळी अगदी हेच झालं होतं."

---

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जग संपल्यानंतरचं वाळवंट. पाणी, पेट्रोल आणि बायका यांच्यावर मालकी सांगणारा इम्मॉर्टन जो नावाचा एक हुकूमशहा. त्याने कोंडून ठेवलेल्या पाच तरुणींना घेऊन त्याचीच सेनापती फ्युरिओसा एका अजस्र टँकरमधून पळते. मॅक्स नावाचा एक कैदी अपघातानेच तिच्यासोबत येतो. मग दोन तास पाठलाग. जातात आणि परत येतात, एवढीच गोष्ट. २०१५च्या मे महिन्यात मी तो थिएटरात पाहिला तेव्हा बाहेर आल्यावर स्कूटरची किल्ली लावताना माझा हात थरथरत होता. त्या आठवड्यात मी तो आणखी दोनदा पाहिला. तोपर्यंत मला सिनेमात काम करायचंय एवढंच माहीत होतं. त्यानंतर असा सिनेमा करायचाय हे कळलं.

मग मी त्या पिक्चरच्या मागचं जे मिळेल ते वाचायला लागलो. आणि पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा पडद्यामागची गोष्टच जास्त भारी निघाली.

दिग्दर्शक जॉर्ज मिलर हा मुळात डॉक्टर. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये चिंचिला नावाच्या छोट्या गावात वाढलेला. सिडनीच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात काम करताना रस्त्यावरच्या अपघातात चेंदामेंदा झालेली पोरं त्याने पाहिली होती. पहिल्या 'मॅड मॅक्स'चे पैसे जमवण्यासाठी तो रात्री-अपरात्री पेशंटच्या घरी जाऊन तपासायचा आणि त्याचा मित्र आणि निर्माता बायरन केनेडी गाडी चालवायचा. ते शूटिंग सुरू व्हायच्या सुमारासच मुख्य अभिनेत्रीचा बाइकवर अपघात होऊन पाय मोडला. तिच्या जागी दुसरी मुलगी घ्यावी लागली. बाइक चालवणारा स्टंट को-ऑर्डिनेटर ग्रँट पेज, त्याचाही पाय मोडला. शूटिंग संपलं तेव्हा आपल्याला सिनेमा येत नाही याची मिलरला खात्री पटली होती. तो वर्षभर घरच्या घरी एडिट करत आपल्या चुका रोज डोळ्यांसमोर पाहत राहिला. १९७९ साली तो पिक्चर आला आणि जगभर चालला. मेल गिब्सन स्टार झाला. १९८१ आणि १९८५ साली पुढचे दोन भाग आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये, १९८३ साली, बायरन केनेडी हेलिकॉप्टर कोसळून गेला.

चौथ्या भागाची कल्पना मिलरला नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुचली. २००१ साली तो सुरूही होणार होता, मेल गिब्सनलाच घेऊन. मग ११ सप्टेंबर झाला. अमेरिकन डॉलर ऑस्ट्रेलियन डॉलरपुढे घसरला आणि बजेट बसेना. पुढे इराक युद्ध लागलं. नामिबियात गाड्या न्यायच्या होत्या, त्यांची जहाजवाहतूक आणि विमा अवघड होऊन बसला. पिक्चर बासनात गेला. मिलरने मधल्या काळात नाचणाऱ्या पेंग्विनांचा 'हॅपी फीट' केला आणि त्याला ऑस्करही मिळालं. मॅक्ससाठी त्याच्या मनात हीथ लेजर होता. तो जानेवारी २००८मध्ये गेला.

अखेर टॉम हार्डी आणि शार्लीझ थेरॉन यांना घेऊन पुन्हा जमवाजमव झाली. जागा ठरली ब्रोकन हिल. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधलं खाणकामाचं गाव, भोवती लालभडक ओसाड माती. 'मॅड मॅक्स २' तिथलाच. गाड्या तयार झाल्या. आणि तिथे पाऊस आला. वर्षानुवर्षं पडला नव्हता असा. जिथे जगाचा अंत दाखवायचा होता तिथे रानफुलांचे ताटवे उगवले. देशाच्या मध्यावरची कोरडी खारी सरोवरं भरली आणि तिथे पेलिकन पक्षी उतरले. माती पुन्हा लाल होईल म्हणून वाट पाहिली. झाली नाही. शेवटी सगळा संसार जहाजांवर चढवून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, नामिबियात नेला. शूटिंग सुरू झालं ते २०१२च्या जुलैमध्ये. कल्पना सुचल्यापासून चौदाएक वर्षांनी.

शाळेच्या वर्गात मी ही गोष्ट रंगवून सांगितली. शेवटी म्हटलं, "म्हणजे आपण बरोबर रस्त्यावर आहोत." सगळे हसले. दिग्दर्शकही हसला. मला फार बरं वाटलं.

---

आता दुसऱ्या दिवसाची गोष्ट.

आमच्या सिनेमात काम करणारी मुलगी माझी मैत्रीण होती. कोल्हापूरकडची, राज्य नाट्य स्पर्धेत गाजलेली. तिला या भूमिकेसाठी मीच सुचवलं होतं. त्या दिवशीचा शॉट असा होता की ती डोक्यावर भरलेली घागर घेऊन माळावरून चालत येते. गवत उगवलं होतं म्हणून दिग्दर्शकाने उघड्या खडकाचा एक पट्टा शोधून काढला होता. वेळ दुपारची एक. तिने विचारलं, "चप्पल घालू का? पायातली पायात राहील, कुणाला दिसणार नाही." दिग्दर्शक म्हणाला, "नको. चालण्यात खोटेपणा येतो." घागर रिकामी चालली असती, पण तीही भरलेलीच हवी होती. त्याच कारणासाठी.

अकरा टेक झाले. चौथ्यानंतर ती माझ्याकडे आली. मला म्हणाली, "अरे, खडक लय तापलाय. तू जरा सांग ना त्यांना."

आणि मी तिला सांगितलं, "एवढं होणारच गं. फ्युरी रोडच्या शूटिंगबद्दल वाच एकदा. त्यांनी काय काय सोसलंय."

ती काही बोलली नाही. जाऊन पुन्हा उभी राहिली. संध्याकाळी तिच्या दोन्ही तळव्यांना फोड आले होते. गावातल्या एका काकूंनी तिला कोरफड लावली. दोन दिवसांनी ती कोल्हापूरला गेली ती परत आली नाही. नंतर पैसेही संपले. सिनेमा अर्धा राहिला. तो अजूनही दिग्दर्शकाच्या घरी एका हार्डडिस्कवर पडून आहे.

तेव्हा मला तिचाच राग आला होता, हे इथे लिहून टाकतो. टिकली नाही असं वाटलं होतं. सिनेमाच्या माणसांत हे वाटणं फार पक्कं रुजलेलं असतं. पॅकअपनंतर बसलं की जो तो आपल्या सगळ्यात वाईट शूटची गोष्ट सांगतो. अमक्या पिक्चरला तीस तास झोपलो नाही, तमक्याला नदीत उभे होतो, विंचू चावला तरी टेक दिला. जितके हाल जास्त तितका सांगणाऱ्याचा मान मोठा. आणि हे सगळं ज्या पिक्चरसाठी केलं तो कसा होता, हे कुणी विचारत नाही.

---

२०२२ साली काइल ब्यूकॅनन या पत्रकाराचं 'फ्युरी रोड'वरचं पुस्तक आलं. त्यात शंभराहून जास्त माणसांनी आपापल्या आठवणी सांगितल्यात. मी ते फोनवरच वाचलं, दोन रात्रींत. जी गोष्ट मला तोंडपाठ आहे असं मी समजत होतो, ती मी अर्धीच सांगत आलो होतो हे तेव्हा कळलं.

हार्डी आणि थेरॉन यांचं सेटवर पटत नव्हतं हे आधीही सगळ्यांना माहीत होतं. आम्ही चाहते ते चवीने सांगायचो. पडद्यावर मॅक्स आणि फ्युरिओसा एकमेकांकडे संशयाने बघतात ना, ते खरंच आहे, वगैरे. पुस्तकात त्या एका सकाळचा तपशील आहे. कॉल आठचा होता. थेरॉन वेळेवर आली. मेकअप, कपडे सगळं करून टँकरच्या केबिनमध्ये बसली. हार्डी आला अकराला. तोपर्यंत ती तिथेच बसून होती, उतरली नाही. तो आल्यावर ती चिडून शिव्या देत बोलली. तो तिच्या अंगावर धावून आल्यासारखा आला. त्यानंतर तिला सेटवर असुरक्षित वाटायला लागलं आणि आपल्या बाजूने कुणीतरी बाई निर्माती इथे असावी अशी तिने मागणी केली. तशी एक निर्माती आलीही, पण तिचा मुक्काम बराचसा ऑफिसातच राहिला.

हे वाचताना मी थांबलो. मला टँकरची केबिन दिसत नव्हती. मला खडकाचा पट्टा दिसत होता.

हार्डीचीही बाजू आहे, आणि ती समजण्यासारखी आहे. या पिक्चरची नेहमीसारखी पटकथा नव्हती. साडेतीन हजारांच्या आसपास चित्रांचा स्टोरीबोर्ड होता. एका मोठ्या खोलीच्या भिंतींवर पिक्चर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढून लावलेला. मिलरला तो सगळा दिसत होता. नटांना मात्र रोज त्याच केबिनमध्ये बसून दोन-चार सेकंदांचे तुकडे द्यायचे होते. आत्ता डावीकडे बघ. आत्ता गिअर टाक. संवाद जवळपास नाहीतच. मॅक्स हा का करतोय, याचं उत्तर मागितलं तर ते भिंतीवरच्या चित्रात होतं. शिवाय मेल गिब्सनच्या जागी उभं राहायचं दडपण. २०१५ साली कान महोत्सवाच्या पत्रकार परिषदेत हार्डीने मिलरची जाहीर माफी मागितली. वाळूत उभं राहून मिलरला जे दिसत होतं ते त्याला शब्दांत सांगता येणं शक्यच नव्हतं, हे पिक्चर बघितल्यावर कळलं, अशा अर्थाचं तो बोलला. नंतर पुस्तकात त्याने हेही कबूल केलं की दडपण दोघांवरही होतं, आणि तिला आपल्यापेक्षा अनुभवी जोडीदार मिळायला हवा होता. थेरॉननेही म्हटलंय की त्याच्या मनावर काय ओझं असेल हे आपल्याला तेव्हा पुरेसं कळलं नाही.

दोघं मोठ्या मनाने बोललेत. पण म्हणून ती सकाळ पिक्चरसाठी गरजेची होती असं होत नाही. ते तीन तास पडद्यावर कुठेच नाहीत.

---

मग जे पडद्यावर आहे ते कशातून आलं? हा प्रश्न मी आता नीट विचारायला लागलो. आणि त्यासाठी पिक्चर पुन्हा पाहिला, या वेळी फोनवर, लोकलमध्ये उभं राहून.

तुम्हीही एक करून बघा. पाठलागाचा कुठलाही प्रसंग लावा आणि अंगठा स्क्रीनच्या बरोबर मध्यावर, किंचित अंतर ठेवून धरा. जे बघायचं आहे ते जवळपास प्रत्येक शॉटमध्ये त्या अंगठ्यामागेच असतं. बंदुकीची नळी, फ्युरिओसाचे डोळे, उडणारं चाक. पिक्चरमध्ये सुमारे २,७०० कट आहेत. इतक्या वेगाने शॉट बदलले तर साधारणपणे डोळा भांबावतो, कोण कुठे आहे कळत नाही. इथे कळतं, कारण नजरेला शोधत फिरावंच लागत नाही. कॅमेरामन जॉन सील हा सत्तरीतला माणूस, निवृत्ती सोडून परत आलेला. मिलर वॉकीटॉकीवर सगळ्या कॅमेरावाल्यांना हेच सांगत राहायचा की मध्यावर धरा. हा निर्णय सोसण्यातून आलेला नाही. तो आधी विचार करून घेतलेला आहे.

पुढची गोष्ट स्टंटची. लांब डोलणाऱ्या खांबांवरून माणसं एका गाडीतून दुसऱ्या गाडीत झेपावतात, तो प्रकार. धावत्या गाड्यांवर हे करणं फार धोक्याचं आहे, वेगवेगळं शूट करून कॉम्प्युटरवर जोडू, असं मिलरचं आधी मत होतं. स्टंट को-ऑर्डिनेटर गाय नॉरिसने ते मनावर घेतलं. खांबाला खाली वजनं लावून तोल साधला, माणसांकडून महिनोन्‌महिने सराव करून घेतला आणि मग खऱ्या धावत्या गाड्यांवर करून दाखवलं. हा तोच नॉरिस, ज्याचा १९८१च्या 'मॅड मॅक्स २'मध्ये कोवळ्या वयात स्टंट करताना पाय मोडला होता. तो शॉट पिक्चरमध्ये ठेवलेलाही आहे. आमच्यासारख्यांच्या गप्पांत तो शॉट म्हणजे दंतकथा. पण तीस वर्षांनी नॉरिसने स्वतः काय केलं बघा. दीडशेच्या आसपास गाड्या, धूळ, आग, आणि कुणाचा जीव गेला नाही. पाय मोडलेल्या माणसाने पुढच्या पोरांचे पाय मोडणार नाहीत याची सोय केली. मला हे त्या जुन्या शॉटपेक्षा मोठं वाटतं.

आणि तिसरी मार्गारेट सिक्सेल. पिक्चरची एडिटर आणि मिलरची बायको. तिने त्याआधी ॲक्शन पिक्चर एडिट केलेला नव्हता. मिलरला तीच हवी होती, कारण नेहमीचा कुणी पुरुष एडिटर घेतला तर पिक्चर इतर सगळ्या ॲक्शन पिक्चरांसारखा दिसेल असं त्याचं म्हणणं. नामिबियातून सिडनीला तिच्याकडे मिळून सुमारे ४८० तासांचं फुटेज आलं. नुसतं बघायलाच महिने गेले. त्यातून दोन तास राहिले. एका बंद खोलीत बसून एक बाई वर्षानुवर्षं हे करत होती. या कामाची दंतकथा होत नाही, कारण त्यात विंचू नाही आणि ऊन नाही. पण २०१६ला 'फ्युरी रोड'ला जी सहा ऑस्कर मिळाली त्यातलं एक तिचं आहे.

त्रास हा या पिक्चरमध्ये भरपूर होता. नामिबियातल्या थंड वाऱ्यात पातळ कपड्यांत थांबलेल्या त्या पाच मुली. वरून स्टुडिओचा दबाव. खर्च हाताबाहेर जातोय म्हणून स्टुडिओचा एक बडा अधिकारी थेट वाळवंटात येऊन थडकला आणि डिसेंबरमध्ये कॅमेरे बंद म्हणजे बंद असं सांगून गेला. तोवर किल्ल्यातले प्रसंग, म्हणजे पिक्चरची सुरुवात आणि शेवट, शूटच झाले नव्हते. पुढे तो अधिकारी स्टुडिओतून गेला आणि वर्षभराने, २०१३च्या अखेरीस, सिडनीजवळ ते प्रसंग पुरे करता आले. म्हणजे एका माणसाची नोकरी बदलली नसती तर आज आपण ज्याला महान वगैरे म्हणतो तो पिक्चर डोकं आणि पाय नसलेलं धड राहिला असता. मग आम्ही त्या धडाच्या गोष्टी सांगितल्या असत्या का? नाही. तेवढेच हाल होऊन अर्धे राहिलेले पिक्चर कितीतरी आहेत. एक मला माहीत आहे. त्याची हार्डडिस्क कुठल्या कपाटात आहे तेही माहीत आहे.

फसलेल्या पिक्चरांचे हाल हे नुसते हाल असतात. गाजलेल्या पिक्चरांचे हाल तपश्चर्या होतात. मधला फरक आपण नंतर भरतो.

आणि हालांचा हिशोब फक्त माणसांपुरता नाही. नामिबियातल्या किनाऱ्यालगतच्या संरक्षित क्षेत्रात या गाड्या फिरल्या, त्यावर तिथल्या पर्यावरण अभ्यासकांनी आक्षेप घेतला होता. ते वाळवंट दिसायला निर्जीव आहे, पण समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर जगणारी दगडफुलं, खुरटी झुडपं, सरडे तिथे आहेत. खडीच्या त्या सपाट जमिनीवर उठलेली चाकोरी दशकानुदशकं बुजत नाही. तिथल्या फिल्म कमिशनने आरोप फेटाळले. पण पृथ्वीची नासाडी कुणी केली हा प्रश्न विचारणाऱ्या पिक्चरच्या बाबतीत हा वाद व्हावा, यावर मी बराच वेळ विचार करत राहिलो. जागा ओसाड दिसते म्हणून तिथे कुणी राहत नाही असं समजायची सवय आम्हालाही होतीच. माणच्या त्या माळावर गवत उगवलं तेव्हा आमचं नुकसान झालं म्हणून आम्ही हळहळत होतो. आबांच्या बैलांना छावणीतून घरी आणायची वेळ आली होती, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

---

मिलर पहिल्या 'मॅड मॅक्स'नंतर इतका खचला होता की त्याने आपलं दुःख पीटर वीअर या आपल्याच देशातल्या दिग्दर्शकाला सांगितलं. वीअर त्याला म्हणाला की प्रत्येक पिक्चर असाच असतो. युद्धात गस्तीवर निघाल्यासारखं समजायचं. सुरुंग कुठे आहे, गोळी कुठून येईल, माहीत नसतं. तरी गस्त पुरी करायची. मला हे फार आवडायचं. माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर मी ते माझ्या शब्दांत लिहून ठेवलं होतं.

आता ते वाचताना एक गोष्ट खटकते. गस्तीवर निघालेल्या सैनिकाला सुरुंग कुठे आहे हे माहीत नसतं. खडक तापलेला आहे हे आम्हाला माहीत होतं. पाऊस येणं हे आमच्या हातात नव्हतं, चप्पल होती. 'फ्युरी रोड'च्या गोष्टीत या दोन्ही प्रकारच्या अडचणी आहेत. युद्ध, डॉलर, फुलं, पेलिकन एका बाजूला. आणि आठच्या कॉलला अकराला येणं दुसऱ्या बाजूला. मी सांगताना त्या एकाच माळेत ओवायचो. सगळ्याला मिळून संघर्ष म्हणायचो. पहिल्या प्रकारातून माणसं कशी तगली हे शिकण्यासारखं आहे. दुसऱ्या प्रकारात कुणीतरी कुणालातरी थांबवायला हवं होतं, एवढंच आहे.

आणि आमच्या सेटवर तो कुणीतरी मी होतो. दिग्दर्शक मोठा होता, मी तिसरा असिस्टंट होतो, माझं कोण ऐकणार, हे सगळं खरं. पण तिने मला दिग्दर्शकाची बाजू विचारली नव्हती. जरा सांग ना, एवढंच म्हणाली होती.

---

पुस्तक संपलं त्या रात्री मी तिला मेसेज केला. चार वर्षांत आमचं बोलणं नव्हतं. लांबलचक लिहिलं, खोडलं. शेवटी पाठवलं ते एवढंच. 'माणच्या शूटला मी तुला जे बोललो ते चुकीचं होतं. मी जाऊन सांगायला हवं होतं. सॉरी.'

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'पाय बरे आहेत रे. पिक्चरचं काय झालं?'

मी लिहिलं, 'हार्डडिस्कवर आहे.'

'मग माझे शॉट पाठव ना. शोरीलला लावते.'

दिग्दर्शकाला फोन केला. तो आता जाहिराती करतो. या, घेऊन जा म्हणाला. त्याच्या घरी जाऊन हार्डडिस्क माझ्या लॅपटॉपला लावली. चालू होईल की नाही अशी भीती होती, झाली. घागरीचा फोल्डर सापडला. अकरा फाइल्स. मी एकेक बघत गेलो. सातवा टेक खरंच सुंदर आहे. ऊन तिरपं येतं, घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या गालावर सांडतं आणि ती पुसत नाही, तशीच चालत राहते.

आठवा लावला. मग नववा. मग पुन्हा पहिल्यापासून लावले, आवाज बंद करून, फक्त फ्रेमची खालची कड बघत.

अकराच्या अकरा टेकमध्ये फ्रेम गुडघ्याच्या वर कापलेली आहे. पाय कुठेच नाहीत. त्या दिवशी मॉनिटर माझ्यापासून वीस पावलांवर होता.

सातवा टेक मी तिला पाठवला. कुठल्या फ्रेमपासून कुठपर्यंत कापायचा ते तिचं तिने ठरवावं, म्हणून पूर्ण पाठवला. दिग्दर्शकाचा 'कट' म्हटल्यानंतरचे चार सेकंदही त्यात आहेत. त्यात ती घागर खाली ठेवते आणि कॅमेऱ्याच्या बाजूला, जिथे मी उभा होतो तिकडे बघते.